पस्तिशीनंतरचा वर्ल्ड कप : मास्टर्स हॉकी म्हणजे नक्की काय?

मागच्या दिवाळीत मावशीने फराळ करता करता सांगितलं, "मी परत हॉकी सुरू केलीय. सिलेक्शन झालं तर बाहेरच्या देशात खेळायला जाणार." मावशी ४४ वर्षांची. कॉलेजात असताना युनिव्हर्सिटीकडून खेळायची. लग्न झालं आणि स्टिक माळ्यावर गेली. आजी म्हणाली, "आता ह्या वयात?" खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात तेच आलं. मग जरा शोधाशोध केली, आणि त्यातूनच हा एपिसोड तयार झाला.

तर मास्टर्स हॉकी म्हणजे ३५ वर्षं आणि त्यापुढच्यांची हॉकी. गट दर ५ वर्षांचे : ३५+, ४०+, ४५+ असे चढत जातात. पुरुषांमध्ये तर ८०+ वालेसुद्धा खेळतात! ही सगळी व्यवस्था 'वर्ल्ड मास्टर्स हॉकी' ही संघटना बघते.

आता गंमत ऐका. ४४ व्या वर्षी तुम्ही ४०+ गटातले सगळ्यात म्हातारे. पण पंचेचाळिशी आली की पुढच्या गटातले सगळ्यात तरुण! आपण ऑफिसात वाढदिवसाला केक कापतो आणि मनात उसासा टाकतो. इथे वाढदिवस म्हणजे प्रमोशन. मावशीच्या भाषेत, "पुढच्या वर्षी मी लहान होणार."

बरं, जायचं कसं? रस्ते दोन. पहिला, मास्टर्स वर्ल्ड कप. यात देशाची टीम उतरते, म्हणजे आधी निवड चाचणी. २०२४ चा वर्ल्ड कप केपटाऊन आणि ऑकलंड अशा दोन शहरांत झाला, कारण गट इतके की एका ठिकाणी मावत नाहीत. दुसरा रस्ता, वर्ल्ड मास्टर्स गेम्स. १९८५ ला टोरांटोत सुरू झालेली ही अनेक खेळांची स्पर्धा. इथे देशाकडून निवड व्हावी लागत नाही. टीम जमवा, फी भरा आणि खेळा. आपल्याकडे जून २०२५ मध्ये हॉकी इंडियाने चेन्नईत पहिला मास्टर्स कप घेतला : पुरुष ४०+, महिला ३५+. मावशीला धीर आला तो ह्याच बातमीने.

खेळ मात्र तोच. ११ जण, ९१.४ मीटर लांबीचं मैदान, तोच 'डी', तोच पेनल्टी कॉर्नर. वय वाढलं म्हणून बॉल हळू येत नाही. फरक पडतो तो डोकं वापरण्यात. हॉकीत खेळाडू कितीही वेळा बदलता येतात, त्यामुळे जोरात पळायचं, दमायच्या आत बाहेर यायचं, श्वास घ्यायचा, परत आत. पंचविशीत बॉलमागे धावायचं, पंचेचाळिशीत बॉल जिथे येणार तिथे आधीच उभं राहायचं.

अवघड काय, तर स्पर्धेत थोड्याच दिवसांत लागोपाठ मॅचेस असतात आणि स्नायू पूर्वीसारखे पटकन सावरत नाहीत. हॅमस्ट्रिंग आणि पोटरी सगळ्यात आधी बोलतात. म्हणून आधी डॉक्टरकडून हृदयाची तपासणी, मग हळूहळू सराव. शिवाय मावशी शिकली मातीच्या मैदानावर, आता खेळायचंय टर्फवर. बॉल सरळ आणि वेगात येतो, त्यामुळे कमरेत जास्त वाकावं लागतं. पहिले दोन आठवडे ती जिना उलटी उतरत होती!

आणि पैसा. तिकीट, राहणं, किट, एन्ट्री फी, बहुतेकदा स्वतःच्याच खिशातून. मावशीने त्यासाठी आरडी उघडलीय.

मला खटकलं ते वेगळंच. काका तिच्याच वयाचे. ते दर रविवारी क्रिकेट खेळतात, त्यांना कुणी "ह्या वयात?" विचारलं नाही. मावशीचा खेळ विशीत थांबला तो दुखापतीने नाही, घराने. पस्तिशीचा हा दरवाजा अशा बायकांसाठी सगळ्यात मोठा आहे, कारण तोवर मुलं जरा मोठी झालेली असतात.

सिलेक्शन अजून व्हायचंय. होईल, न होईल. पण आता सकाळी साडेपाचला आजीच तिला उठवते, आणि वर विचारते, "पॅड घेतलेस का?"

तुमच्या घरी माळ्यावर एखादी स्टिक पडलीय का? आज विचारून बघा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!