मोटारीच्या काचेवरील चिकटा

२०१२ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानें मोटारींच्या काचांवरील काळी फिल्म उतरविली गेली. परंतु पुष्कळ काचांवर तिचा डिंक मागें राहिला. आजहि जुना स्टिकर काढल्यावर तेंच घडतें. रात्रीं गोंदियाहून दवनीवाड्यास येतांना समोरच्या गाडीचा प्रकाश या चिकट्यावर पसरतो आणि रस्त्यावरील माणूस दिसेनासा होतो. तेव्हां हा प्रश्न केवळ शोभेचा नव्हे.

हा डिंक बहुधा ॲक्रिलिकचा असतो. तो पाण्यांत विरघळत नाहीं. तेलानें मात्र सैल पडतो. यास्तव त्यावर खोबरेल चोळून अर्धा तास थांबावें व मग फडक्यानें पुसावें. आमच्या भागांत जवसाचें पीक होतें. पण जवसाचें तेल येथें वापरूं नये, कारण तें हवेनें सुकून स्वतःच पापुद्रा धरतें.

उरलेला थर ओल्या काचेवर पातें तिरपें धरून हलकेच खरवडावा. मागच्या काचेवर दंव घालविणाऱ्या बारीक रेघा असल्यास मात्र तेथें पातें लावूंच नये, त्या तुटतात.

शेवटीं साबणाच्या कोमट पाण्यानें कांच धुवावी. तेलाचा अंश राहिल्यास तोहि प्रकाश पसरवितो. म्हणून खरी परीक्षा दिवसा नव्हे, रात्रीं दिव्यासमोर करावी.