मांजराचा पाय मोडला असतां

कोल्हापूरच्या जुन्या पेठांत कौलारू घरें आणि चार-चार मजल्यांच्या इमारती आज एकमेकांना खेटून उभीं आहेत. मांजराला दोन्ही ठिकाणें सारखींच प्रिय. सकाळीं तें कौलांवरून फेरी मारतें, दुपारीं एखाद्या गच्चीच्या कठड्यावर डोळे मिटून बसतें आणि दिवेलागणीला दुधाच्या भांड्याशीं हजर होतें. एखादे दिवशीं मात्र तें वेळेवर येत नाहीं. येतें तेव्हां मागचा पाय फरफटत येतें. घरची मंडळी भोंवतीं जमतात. आजी आंबेहळद व रक्तबोळ उगाळावयास घेते, थोरला मुलगा तालमींतील वस्तादांना बोलवावें म्हणतो, धाकटी मुलगी रडूं लागते. आणि घरचा कर्ता पुरुष मनांत हिशेब मांडूं लागतो. मांजरासाठीं पैसा मोजतांना मनाला दोन्हीकडून टोंचणी असते. खर्च करावा तर लोक हंसतील. न करावा तर त्या मुक्या जिवाच्या डोळ्यांकडे पाहवत नाहीं. या पेचांतून सुटावयाचें तर काय मोडलें आहे, त्यावर कोणकोणते उपाय आहेत आणि कोणत्या उपायाला किती दिवस व किती पैसा लागतो, हें प्रथम समजून घेतलें पाहिजे.

मांजर कसेंहि पडलें तरी पायांवरच उतरतें, असा सर्वसाधारण समज आहे. तो खोटा नव्हे. पण अर्धाच खरा आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ एत्येन-झ्यूल मारे यांनीं १८९४ सालीं पडत्या मांजराचीं छायाचित्रें एकामागून एक घेतलीं. मांजर अंगाचा पुढचा व मागचा भाग निरनिराळे फिरवून अधांतरींच पालथें होतें, हें त्यांत स्पष्ट दिसून आलें. न्यूयॉर्कच्या एका प्राणिरुग्णालयांत उंच इमारतींवरून पडलेलीं १३२ मांजरें पांच महिन्यांत आणलीं गेलीं; त्यांचा अहवाल १९८७ सालीं प्रसिद्ध झाला. उपचार झालेल्यांपैकीं शेंकडा ९० वांचलीं. अर्थात् जीं जागच्या जागीं मेलीं तीं रुग्णालयापर्यंत पोंचलींच नसणार, हें ध्यानांत ठेवूनच हा आंकडा वाचला पाहिजे. शिवाय, पायांवर उतरणें म्हणजे पायांनीं धक्का सोसणें होय. जीव वांचतो, पण पुष्कळदां पायाचें हाड, जबडा किंवा छाती त्याची किंमत देते. वाहनाखालीं सांपडलेल्या मांजराची स्थिति याहून कठीण. त्याचें कंबरेचें हाड मोडलेलें असूं शकतें. मूत्राशय किंवा छाती व पोट यांमधील पडदा फाटलेलाहि असूं शकतो.

म्हणून पहिल्या तासांत पायापेक्षां श्वासाकडे अधिक लक्ष द्यावें. मांजर तोंड उघडून धापा टाकीत असेल, हिरड्या पांढऱ्या पडल्या असतील किंवा अंग गार लागत असेल, तर क्षणाचाहि विलंब न लावतां डॉक्टरांकडे न्यावें. लघवी होते कीं नाहीं, हेंहि पाहावें. मांजर आपलें दुखणें लपवितें. वेदना होत असतांनाहि तें घुरघुरतें. तें शांत पडून आहे यावरून त्याला बरें वाटत आहे असें मानणें धोक्याचें होय. नेतांना त्याला कडेवर घेऊं नये. झांकणाच्या करंडींत किंवा भोकें पाडलेल्या खोक्यांत जाड कापड घालून त्यावर अलगद ठेवावें. कळवळलेलें मांजर मालकालाहि चावतें. चावल्यास वा ओरबाडल्यास जखम साबणानें वाहत्या पाण्याखालीं १५ मिनिटें धुवून रेबीजच्या लशीसाठीं त्याच दिवशीं दवाखान्यांत जावें.

आतां घरगुती उपायांविषयीं. लाल मातींत आयुष्य घालविलेल्या वस्तादांच्या हातानें पैलवानाचा लचकलेला सांधा कित्येकदां मोकळा होत असेल. पण मोडलेलें हाड चोळल्यानें त्याचीं टोंकें मांसांत, शिरांत व मज्जातंतूंत घुसतात. मनुष्याला लाभणारा लेप मांजराला लाभेलच असें नाहीं, कारण अंगाला लागलेली प्रत्येक वस्तु तें चाटून पोटांत घेतें. कामट्या लावून करकचून बांधलेल्या पट्टीखालीं रक्त खेळेनासें होतें आणि पंजा सुजून काळा पडतो. वांचूं शकणारा पाय अशानें जातो. सर्वांत मोठा धोका मात्र घरांतल्या औषधाच्या डब्यांत असतो. तापावरची पॅरासिटामॉलची गोळी माणसाला निरुपद्रवी वाटते. परंतु ती पचवून बाहेर टाकण्याची शक्ति मांजराच्या यकृतांत फारच तोकडी आहे. एकच गोळी त्याचें रक्त निकामी करून प्राण घेऊं शकते. अंगदुखीवरच्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक इत्यादि गोळ्याहि तशाच घातक आहेत.

डॉक्टर प्रथम मांजराला सांवरतात, वेदनाशामक देतात आणि मग दोन बाजूंनीं एक्स-रे काढतात. मोठी शस्त्रक्रिया ते एक-दोन दिवस लांबणीवर टाकतात, तेव्हां घरच्यांना तो निष्काळजीपणा वाटतो; परंतु धक्क्यांतून न सांवरलेला देह भूल सोसूं शकत नाहीं, हें त्याचें कारण आहे.

मोडलेल्या प्रत्येक हाडाला शस्त्रक्रिया लागतेच असें नाहीं. कंबरेचें हाड मोडलें, पण मलमूत्राचा मार्ग मोकळा असला आणि सांधा शाबूत असला, तर चार ते सहा आठवडे पिंजऱ्यांत विश्रांति दिल्यानें पुष्कळदां काम भागतें. गुडघ्याच्या किंवा कोपराच्या खालचें हाड सरळ मोडलें असेल, तर प्लास्टर पुरें पडूं शकतें. मांडीच्या हाडाची गोष्ट निराळी. मोडलेलें हाड स्थिर ठेवण्यासाठीं त्याच्या वरचा व खालचा असे दोन्ही सांधे जखडावे लागतात. मांडीच्या वरचा सांधा पट्टीनें जखडतां येत नाहीं. म्हणून तेथें हाडाच्या पोकळींत सळई घालणें, धातूची पट्टी स्क्रूनें बसविणें किंवा बाहेरून चौकट लावणें भाग पडतें. खर्च वाढतो तो यामुळें. त्यांत भूल, एक्स-रे, धातूचें सामान, सर्जनाचें कौशल्य, दवाखान्यांतील मुक्काम आणि पुन्हां पुन्हां करावयाची तपासणी, इतक्या बाबी येतात.

जेथें हाडाचा चुरा झाला आहे किंवा पायाचे मज्जातंतूच तुटले आहेत, तेथें पाय काढून टाकण्याचा सल्ला मिळतो. हा शब्द ऐकतांच घरांत शोककळा पसरते. पण मनुष्याला पाय गेल्याचें जें दुःख होतें, त्यांत लोकांच्या नजरेचा व भविष्याच्या चिंतेचा वांटा मोठा असतो. मांजराला यांपैकीं कांहींच नसतें. त्याचा देह हलका व लवचिक असल्यामुळें बहुतेक मांजरें थोड्याच दिवसांत तीन पायांवर तोल सांवरूं लागतात. सामान बसवावें लागत नाहीं व दुसऱ्या शस्त्रक्रियेची शक्यता कमी असते, म्हणून हा उपाय बहुधा कमी खर्चाचाहि पडतो. महागडी शस्त्रक्रिया झेपत नसेल आणि डॉक्टर संमति देत असतील, तर तो पत्करण्यांत निर्दयपणा मुळींच नाहीं. निर्दयपणा होतो तो निर्णय न घेतां दिवस काढण्यांत.

उशीर श्रीमंतालाहि चुकलेला नाहीं. उद्योगपति रतन टाटा यांनीं आपल्या कुत्र्याला सांध्याच्या शस्त्रक्रियेसाठीं अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत नेलें होतें. परंतु वेळ टळून गेली होती. तेथील डॉक्टरांना तो सांधा एका ठराविक स्थितींत कायमचा जखडून टाकावा लागला, असें टाटांनींच पुढें सांगितलें. त्या अनुभवांतून अद्ययावत् प्राणिरुग्णालय काय करूं शकतें, हें त्यांना दिसलें आणि २०२४ सालीं मुंबईंत महालक्ष्मी येथें टाटा ट्रस्टचें लहान प्राण्यांचें रुग्णालय सुरू झालें. पैशाची वाण नसलेल्या माणसालाहि गेलेली वेळ विकत घेतां आली नाहीं, हा या गोष्टींतील बोध होय.

कोल्हापूर हा दुधाचा जिल्हा. येथील गुरांचे दवाखाने म्हशी-गाईंच्या सेवेसाठीं वाढले; मांजराच्या हाडाचें नाजुक काम प्रत्येक ठिकाणीं होईलच असें नाहीं. म्हणून नेण्यापूर्वीं फोन करून एक्स-रेची व हाडाच्या शस्त्रक्रियेची सोय आहे कीं नाहीं हें विचारावें. कठीण प्रसंगीं पुण्याच्या वाटेवर सातारा जिल्ह्यांत शिरवळ येथें १९८८ सालीं स्थापन झालेलें पशुवैद्यक महाविद्यालय आहे. मुंबईंत परळ येथें १८८६ सालापासूनचें पशुवैद्यक महाविद्यालय आहे. डॉक्टरांपुढें आपली ऐपत सांगण्यास लाजूं नये. “एकंदर खर्च किती, त्यांत पुढच्या तपासण्या धरल्या आहेत काय, याहून कमी खर्चाचा उपाय कोणता, आणि तो घेतल्यास काय गमवावें लागेल?” हे प्रश्न पहिल्याच भेटींत विचारावे व उत्तर कागदावर लिहून घ्यावें. जेथें पाठीचा कणा तुटला असून कोणताच उपाय उरलेला नाहीं, तेथें वेदनारहित मृत्यूविषयींहि डॉक्टरांशीं मोकळेपणानें बोलावें.

शस्त्रक्रियेनंतरचें अर्धें काम घरच्यांचें असतें. तरुण मांजराचें हाड बहुधा चार ते सहा आठवड्यांत सांधतें, वयस्काचें दोन-तीन महिने घेतें. तोंवर मोठा पिंजरा, मऊ अंथरूण आणि बुटक्या कांठाचें मातीचें घमेलें एवढी व्यवस्था पुरते. जखम चाटूं नये म्हणून गळ्याभोंवतीं नरसाळ्यासारखें कडें राहूं द्यावें. दोन दिवस अन्नाला तोंड लावलें नाहीं तर डॉक्टरांना कळवावें, कारण उपाशी मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतावर चरबी सांचून नवाच आजार उद्भवतो. बरें वाटूं लागतांच तें उडी मारूं पाहतें. केवळ दया येऊन दार उघडल्यास सळई वांकते आणि सारा खर्च पाण्यांत जातो.

ज्या घरीं मांजर आहे, त्या घरानें गच्चीच्या कठड्याला व खिडकीला जाळी बसवावी, आणि भिशीला जसे पैसे बाजूला काढतात तसे महिन्याकांठीं थोडे त्याच्याहि नांवानें ठेवावे. मग अशा संध्याकाळीं आजीनें लेपाऐवजीं जुनें लुगडें करंडींत पसरावें, थोरल्यानें वस्तादांऐवजीं डॉक्टरांकडे जाण्यास रिक्षा आणावी, आणि कर्त्या पुरुषानें मनांतला हिशेब मनांत न ठेवतां डॉक्टरांसमोर मांडावा. चार पायांवर असो वा तीन पायांवर, मांजर पुन्हां दुधाच्या भांड्याशीं येऊन बसण्याची आशा त्यानेंच अधिक वाढते.