चिंध्यांची गोधडी, भिंतीवर!

परवा एका प्रदर्शनात सिद्दी समाजातल्या बायकांची कवंदी पाहिली आणि घरी येऊन शिंप्याकडच्या चिंध्यांची पिशवी उघडली.

कवंदी म्हणजे कर्नाटकातल्या हल्याळ-यल्लापूर भागातली गोधडी. टाके कडेपासून सुरू होतात आणि फिरत फिरत मध्यावर येतात. कोपऱ्यांना दुमडलेल्या तुकड्यांची फुलं!

भिंतीवर टांगायला छोटी कवंदी करायची तर १२ x १२ इंच पुरे.

👉 चिंध्या सुतीच घ्या. आधी धुऊन इस्त्री करा, म्हणजे नंतर आटणार नाहीत.

👉 खाली जुन्या साडीचं अस्तर.

👉 तुकड्याची कड पाव इंच आत दुमडून साधा धावदोरा घाला. दोरा फार ओढू नका, कापड चुणतं.

👉 मागे वरच्या कडेला कापडी नळी शिवून काठी सरकवा. झोल येत नाही.

थेट उन्हात टांगू नका, रंग विटतात.

काही अडलं तर बिनधास्त विचारा!