पिल्लू चावते, ते रागाने नव्हे

मांजराचे पिल्लू हातावर झडप घालून चावले, की ते रागीट आहे असे अनेकांना वाटते. बहुतेकदा ही खेळकर आक्रमकता (शिकारीचा सराव म्हणून केलेला हल्ला) असते. दातांचा जोर आवरणे पिल्लू भावंडांशी झटापट करताना शिकते. मुलांच्या खेळात कुणी जोरात चिमटा काढला, की सवंगडी ‘मी नाही खेळत जा’ म्हणत उठतो, तसेच जोरात चावल्यावर भावंडही खेळ सोडते. फार लवकर आईपासून तोडलेल्या पिल्लाचे हे शिक्षण अपुरे राहू शकते.

चापट मारल्याने चावणे सुटत नाही, भीती वाढते. झटक्याने ओढलेला हात त्याला पळते भक्ष्य वाटतो. म्हणून हात स्थिर ठेवावा, खेळ थांबवावा आणि नंतर दोरीला बांधलेले खेळणे पुढे करावे. कान मागे पाडून फिस्कारत असेल, तर मात्र तो खेळ नव्हे.