लेखांक सातवा : काडतुसाची कड आणि बोल्टची पकड

मागील लेखांकात नळीतील पेचांचा विचार झाला. आज नळीच्या मुळाशी बसणारी, काडतूस आत सारणारी, बार उडताना त्याला कुलूप घालणारी आणि रिकामी पुंगळी ओढून बाहेर फेकणारी जी यंत्रणा, बंदूकवाले जिला 'अ‍ॅक्शन' म्हणतात, तिच्याकडे वळू. घेणारा माणूस आधी रायफल पसंत करतो आणि मग काडतुसाची चौकशी करतो. वस्तुतः क्रम उलटा हवा, कारण काडतुसाची लांबी, त्याच्या बुडाचा घाट आणि दारूचा दाब या गोष्टी ठरल्या की अ‍ॅक्शनची निवड बव्हंशी होऊनच जाते.

बीड जिल्ह्यात पाटोदा-आष्टीकडे कोणा परवानाधारकाच्या घरी रायफल असलीच, तर ती बहुधा ३१५ बोअरची, इशापूरच्या सरकारी कारखान्यातली. तिची कुळकथा मौजेची आहे. लष्कराचे थ्री नॉट थ्री काडतूस खासगी बंदुकीत चालू नये असा इंग्रज सरकारचा कटाक्ष असल्यामुळे विलायती कारखान्यांनी आपल्या ली अ‍ॅक्शनच्या शिकारी रायफली एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रियाच्या लष्कराने स्वीकारलेल्या ८ मिलिमीटरच्या काडतुसासाठी घडविल्या, आणि स्वातंत्र्यानंतर इशापूरने तोच वारसा पुढे चालविला. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात, अव्वल तालुकदाराच्या हुकमतीखाली होते हे खरे. पण त्या राज्याला समुद्रच नव्हता; विलायती बंदूक यायची ती इंग्रजांच्या बंदरातून, म्हणून त्यांचा नियम इथेही लागू पडे. सारांश, ही सोयरीक दफ्तराने जमविलेली, कारागिराने नव्हे. तरी संसार मात्र नेटका झाला.

तो का झाला, हे पुंगळी हातात घेतल्यावर उमगते. थ्री नॉट थ्रीची पुंगळी ५६ मिलिमीटर, हिची ५०; म्हणजे लांबीची अडचण नाही. दोहोंच्या बुडाला बाहेर आलेली कड असते, आणि ली अ‍ॅक्शन मुळातच कडेच्या काडतुसासाठी योजलेली. नळीत काडतूस किती खोल बसावे हे ती कडच ठरविते. बार झाल्यावर बोल्टची नखी तिलाच धरते. उन्हाने दारूचा दाब वाढतो, पुंगळी नळीत घट्ट बसते, आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ही पकड दुबळी असून चालत नाही.

मात्र हीच कड भरताना दगा देते. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेपुढे राहिली पाहिजे. चांदमारीवर एकदा घाईघाईने मी ती उलट बसविली, तेव्हा बोल्ट पुढे सारताच वरच्याने खालच्याला खेचले, दोन्ही तोंडाशी अडकली, आणि मॅगझिन उतरवून ती सोडवीपर्यंत शेजारच्या गृहस्थांचे पाच बार होऊन गेले.

या अ‍ॅक्शनचे वैगुण्य असे की तिची कुलपे बोल्टच्या मागच्या अंगाला आहेत. दाब वाढला की पोलाद किंचित दबते आणि पुंगळी ताणली जाते. जर्मन माउझरची कुलपे पुढे, काडतुसाच्या अगदी पाठीशी असतात. म्हणून बिनकडेच्या, तेज काडतुसाला माउझरच शोभते. इशापूरनेच पुढे ७.६२ मिलिमीटरच्या लष्करी काडतुसासाठी ली अ‍ॅक्शन वापरली, तेव्हा अधिक कसाचे पोलाद घेतले. तेव्हा ३१५ची नळी बदलून तीत जोरकस काडतूस चालविण्याचा सल्ला देणारा मिस्त्री भेटलाच, तर त्याला दुरूनच रामराम करावा. विनापरवाना असा फेरफार गुन्हाही आहे.

आणि शिकार? १९७२च्या वन्यजीव कायद्याने तो विषय मिटविला. काळविटाकडे नळी रोखण्याचा प्रश्नच उरला नाही; उभे पीक तुडविणाऱ्या रानडुकरासाठीसुद्धा परवानगी वनाधिकाऱ्याची लागते, आणि जिल्हाधिकारी कचेरीतला बंदुकीचा परवाना तिच्याऐवजी चालत नाही. अशी लेखी परवानगी ज्यांना मिळेल, त्यांना पन्नास पावलांवर ३१५ पुरून उरते, असे माझे स्पष्ट मत आहे. एवढे मात्र करावे : चैत्र-वैशाखात काडतुसांचा डबा पत्र्याच्या शेडमध्ये न ठेवता माळवदाच्या घरात, गारव्याला आणि कुलपात ठेवावा.