परिचारिका घडते कोणासाठी?

८ डिसेंबर २०२० रोजी इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे, चाचण्यांबाहेरची पहिली फायझर लस मार्गारेट कीनन यांना टोचली गेली. ती टोचणाऱ्या मे पार्सन्स मूळच्या फिलिपिन्सच्या, हे वाचले आणि मी शोध घेऊ लागले : एवढ्या फिलिपिनो परिचारिका परदेशी पोचतात कशा?

मुळे वसाहतकाळात आहेत. १८९८ नंतर आलेल्या अमेरिकी राजवटीने तेथे आपल्या धर्तीचे, इंग्रजीतले परिचर्या-शिक्षण रुजवले. १९४८च्या विनिमय योजनेने अमेरिकी रुग्णालयांची दारे उघडली, १९६५च्या कायद्याने स्थायिक होण्याची वाट रुंदावली. १९७४पासून तर परदेशी नोकरी हे मार्कोस सरकारचे धोरणच झाले.

तरीही पदवी म्हणजे परवाना नव्हे. चार वर्षांच्या पदवीनंतर मायदेशातली परवाना परीक्षा, मग इंग्रजीची. अमेरिकेसाठी एनक्लेक्स द्यावी लागते. ती २००७पासून मनिलात देता येते; त्याआधी परीक्षेसाठीच विमान गाठावे लागे. ब्रिटनसाठी आधी संगणकावरची चाचणी, तिथे पोचल्यावर प्रात्यक्षिक.

२०२०मध्ये साथ आली आणि फिलिपिन्सने परिचारिकांचे जाणे रोखले. नोव्हेंबरात वर्षाला पाच हजारांची मर्यादा घालून वाट पुन्हा मोकळी केली. सरकारला त्या घरी हव्या होत्या. त्यांचा प्रश्न मात्र पगाराचा होता. परदेशी रुग्णालयाला तयार परिचारिका मिळते. तिला शिकवण्याचा भार बहुधा तिच्या घराने उचललेला असतो. त्या घराला ‘थांब’ म्हणण्याआधी हा हिशेब मांडायला हवा.