डॉक्टरांसमोर गप्प बसू नका

धर्माबादच्या मिरची बाजारात हंगामभर देठ खुडणारी एखादी मावशी डोळ्यांसमोर आणा. खोकला थांबत नाही म्हणून ती दवाखान्यात जाते. "काय होतंय?" "खोकला." डॉक्टर चिठ्ठी लिहितात, मावशी औषध घेऊन घरी येते. आपण दिवसभर मिरचीच्या धुळीत बसतो, हे तिने सांगितले नाही आणि डॉक्टरांनीही विचारले नाही. खोकल्याला महिना झाला, वजन उतरले, रात्री घाम येतो, हेही राहून गेले. हा धुळीचा त्रास की क्षयरोग, अशी शंका यायलाच हवी होती. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासून घ्यावी. सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते.

डॉक्टरांकडे वेळ कमी असतो, हे खरे आहे. 67 देशांतील माहितीचा आढावा 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात भारतात एका रुग्णाला मिळणारा वेळ सरासरी सुमारे 2 मिनिटे दिसला, तर स्वीडनमध्ये 22 मिनिटांहून जास्त. बाहेरची रांग आपण कमी करू शकत नाही, पण ही 2 मिनिटे वाया जाऊ न देणे आपल्या हातात आहे.

आत जाण्यापूर्वी ठरवा

- सर्वांत मोठा त्रास कोणता, तो केव्हापासून आहे?
- तो कशाने वाढतो, कशाने कमी होतो?
- आपण काम काय करतो?
- सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत? पाकिटे आणि जुने कागद सोबत न्या.

दारू, तंबाखू, झाडपाल्याचे औषध, मध्येच बंद केलेली बीपीची गोळी, अंगावरून पांढरे जाणे, यांतले काही लपवू नका. महावग्गात भगवान बुद्धांनी चांगल्या रुग्णाचे जे गुण सांगितले, त्यात आजार वाढला, कमी झाला की तसाच आहे, हे सेवा करणाऱ्याला जसेच्या तसे सांगणे हाही एक गुण आहे.

उठण्यापूर्वी विचारा

मला काय झाले आहे? ही गोळी कशासाठी, किती दिवस घ्यायची? काय झाले तर लगेच परत यायचे? मग म्हणा, "डॉक्टर, मला जे समजले ते एकदा सांगतो, चुकले तर सांगा." चूक तिथल्या तिथे सापडते.

आपल्याकडचे अनेक जण उपचारासाठी निजामाबाद, हैदराबादला जातात. तिथे बोलणे तेलुगू-हिंदीत होते. सोबत भाषा जाणणारा माणूस न्या. पण उत्तर त्याच्या मनाने नको, तुमच्या शब्दांत जाऊ द्या.

"एवढ्या मोठ्या साहेबांना कसे विचारायचे?" हा संकोच आपल्यात पिढ्यान्‌पिढ्या मुरला आहे. पण विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये सांगितले की, उपचार कोणता, त्यात धोका काय, दुसरा पर्याय आहे का, हे रुग्णाला कळल्यावर दिलेली संमतीच खरी संमती. म्हणून ऑपरेशनच्या कागदावर सही किंवा अंगठा देण्यापूर्वी तो कागद वाचून घ्या, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. महाराष्ट्रात 2021 च्या नियमांनुसार खासगी रुग्णालयांत रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. पुढच्या वेळी गेलात की भिंतीवर ती शोधा. घरातल्या शिकणाऱ्या मुलीला सोबत न्या आणि ती मोठ्याने वाचायला सांगा.